टिपण घेण्याचे शिक्षण : मराठी वाक्यरचनेच्या दृष्टीने

‘टिपणे’ ह्या क्रियापदाचे मराठीत दोन निरनिराळे व्यवहार आहेत. पाखरे अंगणातील दाणे टिपतात, आणि टिपकागद शाई टिपतो. पहिल्यात निवड आहे : पाखरू खडा सोडते, दाणा उचलते. दुसऱ्यात निवडीचा मागमूस नाही. जे ओले असेल ते सारे टिपकागद शोषून घेतो आणि शेवटी त्यावर जे उमटते ते कोणालाही वाचता येत नाही. शाळेच्या पाचवी ते सातवीच्या वर्गांत मुलांकडून जे टिपण करविले जाते ते बहुधा ह्या दुसऱ्या जातीचे असते. ‘टाचण’ हा जोडीचा शब्दही असाच बोलका आहे. टाचणे म्हणजे पुढे पक्की शिवण घालता यावी म्हणून घातलेला कच्चा टाका. शिक्षक वर्गात जाण्यापूर्वी जे पाठटाचण लिहितात त्यात हा अर्थ शिल्लक आहे. विद्यार्थ्यांच्या वहीच्या संबंधात मात्र तो जवळजवळ लोपला आहे.

त्याची जागा ‘नोट्स’ ह्या शब्दाने घेतली. एखादा शब्द कोणत्या क्रियापदांबरोबर नांदतो हे पाहिले म्हणजे भाषिक समाज त्या वस्तूकडे कसा पाहतो हे पुष्कळदा उघड होते. टिपण ‘काढावे’ लागते, टाचण ‘करावे’ लागते. नोट्स मात्र ‘मिळतात’, ‘दिल्या जातात’ आणि ‘पाठ’ होतात. प्रश्नपत्रिकेतील ‘टीपा लिहा’ ह्या आज्ञेचीही तीच गत झाली आहे. जे ऐकताना संक्षेपाने नोंदवावयाचे, ते आधी कोणी तरी तयार करून दिलेले असते आणि परीक्षेत आठवून विस्ताराने उतरवावयाचे असते. टिपणाचे शिक्षण द्यावे असे म्हणणाऱ्यांस ह्या उलट्या प्रवाहाशी झगडावे लागेल हे प्रथमच सांगून ठेवलेले बरे.

परंतु येथे ज्या अडचणीचा विचार करावयाचा आहे ती सवयीची नव्हे, भाषेची आहे. टिपणाविषयीचे बहुतेक मार्गदर्शन इंग्रजीतून आलेले आहे. वॉल्टर पॉक यांनी कॉर्नेल विद्यापीठातील विद्यार्थ्यांसाठी सांगितलेली आणि त्यांच्या १९६२ सालच्या पुस्तकामुळे सर्वत्र पसरलेली पद्धत, म्हणजे पानाचे उभे दोन भाग करून रुंद भागात टिपण आणि अरुंद भागात सूचक शब्द, ही उपयुक्त आहे व ती कोणत्याही भाषेत चालेल. कारण ती पानाविषयी आहे, वाक्याविषयी नव्हे. वाक्याविषयीच्या सूचना मात्र इंग्रजी वाक्य डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात : उपपदे गाळा, साहाय्यक क्रियापदे गाळा, ऐकता ऐकता लिहीत चला. मराठीला उपपदे नाहीत, तेव्हा पहिली सूचना निरर्थक ठरते. तिसरी मात्र निरर्थकच नव्हे, तर घातक आहे.

ती घातक का, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आजऱ्याच्या एखाद्या शाळेत सातवीच्या वर्गात शिक्षक परिसराचा भूगोल सांगत आहेत अशी कल्पना करावी. आजरा हे कोल्हापूर जिल्ह्यातील तालुक्याचे गाव हिरण्यकेशीच्या काठी वसलेले आहे, तेव्हा आरंभ नदीपासून होणे स्वाभाविक होय. शिक्षक म्हणतात : ‘हिरण्यकेशी आंबोलीजवळ, समुद्र फार दूर नसताना उगम पावत असली, तरी ती पश्चिमेकडे वाहत जाऊन अरबी समुद्राला मिळत नाही.’ ऐकता ऐकता लिहिणारा विद्यार्थी ‘हिरण्यकेशी आंबोलीजवळ’ येथून आरंभ करतो. शिक्षक वाक्य संपवितात तेव्हा त्याची पेन्सिल ‘समुद्र’ ह्या शब्दाजवळ असते. इतक्यात दुसरे वाक्य सुरू होते. मग तो घाईने पहिले कसेबसे पुरे करतो. त्याच्या वहीत उरते ते असे : ‘हिरण्यकेशी आंबोलीजवळ उगम, पश्चिमेकडे अरबी समुद्राला मिळते.’ वस्तुतः ही नदी पूर्वेकडे वाहत गडहिंग्लजवरून पुढे कर्नाटकात जाते, घटप्रभेला मिळते, आणि घटप्रभा कृष्णेला मिळत असल्यामुळे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरात पोचते. विद्यार्थी अनवधानी होता असे म्हणता येणार नाही. त्याने ऐकलेले पुष्कळसे शब्द लिहिले. जो एक शब्द निसटला तो मराठी वाक्याच्या अगदी शेवटी होता.

हा अपघात नसून रचनेचा परिणाम आहे. मराठीत क्रियापद सामान्यतः वाक्याच्या अंती येते, आणि विधान होकारार्थी की नकारार्थी, घडलेले की घडावयाचे, निश्चित की संभाव्य, हे सारे त्या अखेरच्या एकदोन शब्दांत ठरते. ‘मिळत नाही’, ‘मिळत असे’, ‘मिळत असावी’, ‘मिळाली असती’ ह्या चारांच्या आधीचे सगळे वाक्य अक्षरशः एकच असू शकते. इंग्रजीत नकार मुख्य क्रियापदाच्या आधी येतो व पुढचे कर्म, स्थळ, काळ हे त्यानंतर. त्यामुळे लेखणी अर्ध्या वाक्याने मागे पडली तर तपशील बुडतो, विधान सहसा उलटत नाही. मराठीत तपशील वाचतो आणि विधान उलटते.

नकाराइतकीच नाजूक गोष्ट ‘असे म्हणतात’ ह्या शब्दांची. आजऱ्याजवळ हिरण्यकेशीवर रामतीर्थ नावाचे धबधब्याचे स्थळ आहे. ‘वनवासात असताना राम येथे राहिला होता, त्यावरून ह्या स्थळाला हे नाव पडले, असे म्हणतात,’ ह्या वाक्यातील शेवटचे दोन शब्द गळाले की आख्यायिकेचा इतिहास होतो. आख्यायिका आणि इतिहास यांतील भेद मुलांना शिकवावा असे सर्वांनाच वाटते; पण त्या भेदाची खूण ज्या दोन शब्दांत आहे ते वहीत पोचतात की नाही, इकडे फारसे कोणी पाहत नाही.

ह्यात स्वराची आणखी एक भर पडते. मराठी विधानवाक्यात स्वर शेवटाकडे उतरत जातो. ज्या शब्दावर अर्थ टांगलेला असतो तोच सर्वांत हळू उच्चारला जातो. जुलै-ऑगस्ट महिन्यांत घाटमाथ्याजवळच्या ह्या प्रदेशात छपरावर पावसाचा मारा चालू असताना मागच्या बाकावर ‘नाही’ पोचतच नसेल, तर दोष कानांचा मानू नये. शिक्षकाने ह्या दिवसांत वाक्याचा शेवट मुद्दाम उंच ठेवावा ही सूचना क्षुल्लक वाटेल. परंतु ध्वनिदृष्ट्या ती पूर्णपणे समर्थनीय आहे.

मूळ अडचण वेगाची आहे हे खरे. फ्रान्समधील पिओला व ऑलिव्ह आणि अमेरिकेतील केलॉग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात असे दाखविले आहे की, व्याख्याता सेकंदाला सुमारे दोन ते तीन शब्द बोलतो, तर विद्यार्थ्याचा हात सेकंदाला ०.३ ते ०.४ शब्द लिहितो. मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये चिकटलेली असल्यामुळे हे आकडे जसेच्या तसे येथे लावता येणार नाहीत. तथापि प्रौढ विद्यार्थ्याच्या बाबतीत जे अंतर निदान पाचपट आहे ते बारा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत कमी असण्याचा संभव नाही.

हे अंतर हाताने तोडण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात शतकानुशतके झालेला आहे, आणि तो म्हणजे मोडी लिपी. ओळीची शिरोरेषा आधी ओढून घ्यावयाची आणि मग शक्य तितका हात न उचलता अक्षरे जोडीत जावयाची, ही तिची रीत वेगासाठीच आहे. दफ्तरांतील कागदांत नेहमीच्या शब्दांचे संक्षेपही ठरलेले असत. परंतु मोडीने सोडविला तो लेखनाचा प्रश्न, निवडीचा नव्हे. कारकुनाला जे सांगितले ते सारेच लिहावयाचे असे. ऐकलेले बोलणे जवळजवळ समग्र उतरविण्याचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण १९३२ सालचे आहे. धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि अमळनेरच्या शाळेत पूर्वी शिक्षक असलेल्या साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता लिहून घेतली. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून सिद्ध झाला. ह्या पराक्रमाविषयी आदर बाळगूनही असे म्हटले पाहिजे की, सातवीच्या मुलापुढे ठेवण्याचा आदर्श हा नव्हे. साने गुरुजी एका वक्त्याचे शब्द इतरांसाठी राखीत होते; विद्यार्थी एक विषय स्वतःसाठी राखीत असतो. पहिल्याला श्रुतलेखन म्हणावे, दुसऱ्याला टिपण. आपल्या शाळांत श्रुतलेखनाचा भरपूर सराव करून घेतला जातो आणि त्यामुळे टिपण आपोआप येईल असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात श्रुतलेखन मुलाला प्रत्येक शब्द सारख्याच मोलाचा मानावयास शिकविते, म्हणजे टिपणाला जे लागते त्याच्या बरोबर विरुद्ध.

मराठीतील टिपणाचा पहिला नियम म्हणून असा ठेवावयास हरकत नाही की, वाक्य संपल्यावाचून पेन्सिल कागदाला लावू नये. हा नियम मुलांवर लादून चालणार नाही. तो शिक्षकाने पाळण्याचा आहे. विधान पुरे होताच त्याने काही क्षण थांबले पाहिजे, आणि हे थांबणे तासाच्या आखणीतच धरलेले असले पाहिजे. दुसरा उपाय वाक्यरचनेतच आहे. मराठीत आशयवाक्य ‘असे’ने बांधून पुढे ठेवता येते किंवा ‘की’ने जोडून मागे ठेवता येते. ‘राम येथे राहिला होता असे म्हणतात’ ह्याऐवजी ‘असे म्हणतात की, राम येथे राहिला होता’ असे बोलले, तर श्रोत्याला इशारा आधीच मिळतो. नकाराच्या बाबतीतही ‘एक गोष्ट ह्या नदीच्या बाबतीत घडत नाही, ती कोणती ते ऐका’ असा प्रस्ताव करता येतो. ग्रांथिक वळणाच्या लांब वाक्यांत बोलणारे व्यासंगी शिक्षक टिपणाच्या दृष्टीने पुष्कळदा अवघड ठरतात, ही गोष्ट थोडी अप्रिय असली तरी खरी आहे.

आता गाळावयाचे काय, ह्याकडे वळता येईल. ‘आहे’ हे क्रियापद निर्धास्तपणे गाळता येते. म्हणींत ते सहज गळते : ‘अति तेथे माती’. ‘उगम पावणे’, ‘वापर करणे’, ‘नाश होणे’ ह्यांसारख्या रचनांत अर्थाचा भार नामावर असतो; म्हणून नाम ठेवून क्रियापद सोडता येते. मराठी शास्त्रीय गद्यात अशा रचना विपुल आहेत, ही टिपणकाराची मोठीच सोय होय. मात्र ‘करणे’ आणि ‘होणे’ यांतील भेद नामाबरोबर राहत नाही. ‘जंगलाचा नाश केला’ आणि ‘जंगलाचा नाश झाला’ ही दोन्ही विधाने वहीत ‘जंगल-नाश’ अशीच उतरतात, आणि कर्ता कोण हा प्रश्न पुसला जातो. भूगोलात एक वेळ हे चालेल. इतिहासात चालणार नाही.

प्रत्ययांच्या बाबतीत मुले फार उदार असतात. आजरा महाल पूर्वी इचलकरंजीच्या जहागिरीत होता, ती जहागीर कोल्हापूर संस्थानात मोडत असे आणि १९४९ साली ते संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. ह्या वाक्याचे ‘आजरा, इचलकरंजी, कोल्हापूर, मुंबई, १९४९’ असे टिपण झाले तर महिन्याभराने तो एखाद्या मोटारीचा मार्ग वाटेल. येथे सगळा अर्थ तीन वेळा आलेल्या ‘त’ ह्या प्रत्ययात होता. मराठीत शब्दांचा क्रम पुष्कळ मोकळा असतो व कोणी, कोणाला, कोठे हे प्रत्ययांवरून कळते. म्हणून प्रत्यय गाळावयाचा असेल तर त्याचे काम करणारी दुसरी खूण ठेवली पाहिजे. एकात एक चौकटी काढल्या तरी पुरे. नुसती नामे एका ओळीत मांडणे हे टिपण नव्हे.

सर्वांत हानिकारक गळती मात्र अव्ययांची. ‘घाटमाथ्याकडे पाऊस फार, पूर्वेकडे जावे तसतसा तो कमी, म्हणून पश्चिमेस भात, तर गडहिंग्लजच्या बाजूस ज्वारी, भुईमूग व मिरची’ ह्या विधानातून मूल पाऊस, भात, ज्वारी, भुईमूग, मिरची हे शब्द हमखास उचलते. आजऱ्याचा घनसाळ तांदूळ घरोघर माहीत असतो, त्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले हेही ते उत्साहाने लिहून ठेवते. ‘म्हणून’ आणि ‘तसतसा’ हे शब्द मात्र त्याला किरकोळ वाटतात, कारण ते कोणत्याच वस्तूची नावे नाहीत. ज्या टिपणात ‘म्हणून’, ‘कारण’, ‘पण’, ‘तरी’ यांपैकी एकही शब्द नाही ते टिपण नसून जिन्नसांची यादी होय, आणि वही तपासताना शिक्षकाने शोधावयाचे ते हेच शब्द. जागा वाचविण्यासाठी त्यांना चिन्हे ठरवून द्यावीत. ती वर्गाने मिळून ठरविली तर अधिक टिकतात.

संक्षेपाची कल्पना मुलांना नवी नसते. ‘मु. पो. आजरा, ता. आजरा, जि. कोल्हापूर’ असा पत्ता लिहिणाऱ्या मुलाने चार संक्षेप केलेलेच असतात. त्याच मुलाला अर्जाच्या डोक्यावरील ‘ता.’ म्हणजे तारीख हेही ठाऊक असते, आणि एकाच खुणेचे दोन अर्थ स्थानावरून ओळखताना ते कधी अडखळत नाही. शेतकऱ्याच्या घरी सातबाऱ्याचा उतारा असतो. गाव नमुना सात म्हणजे जमिनीवरील हक्क, गाव नमुना बारा म्हणजे पिके. वर्षावर्षाच्या शेतीची हकीकत ज्यात एकही पूर्ण वाक्य न लिहिता मावते असा हा तक्ता मुलांपुढे ठेवून, तो पाहून त्या शेताविषयी पाच वाक्ये सांगावयास लावावे. टिपणाचा हेतू ह्याहून सोप्या रीतीने दाखविणे कठीण.

शिरोरेषा गाळण्याची मुभा द्यावी की नाही ह्याविषयी मतभेद आहेत. प्रौढ माणसे घाईत ती गाळतातच, आणि वेळ वाचतो हे निर्विवाद. परंतु ‘भ’ आणि ‘म’, ‘ध’ आणि ‘घ’ ह्या जोड्या शिरोरेषा तुटली आहे की अखंड आहे यावरच मुख्यतः ओळखल्या जातात. तेव्हा सातवीत मुभा द्यावी, पण ही चार अक्षरे मुद्दाम दाखवून.

शुद्धलेखनाच्या बाबतीत अधिक ठाम राहणे आवश्यक आहे. टिपणवहीचा पहिला वाचक ती लिहिणाराच असतो. घरी ‘पाऊस पडालाय’ असे बोलणाऱ्या मुलाने घाईत तसेच टिपले, तर त्यात अर्थाची काही हानी नाही. उलट ऐकलेले त्याने आपल्या भाषेत उतरविले, म्हणजे ते समजले, असे मानण्यास आधार मिळतो. अशा वहीत ऱ्हस्वदीर्घाच्या चुकांवर तांबडी शाई फिरविली की मूल पुढच्या तासापासून शिक्षकांचे शब्द जसेच्या तसे उतरविण्याकडे वळते, कारण त्यात चूक होण्याची भीती नसते. निबंधाची वही तपासण्याचे निकष टिपणवहीला लावू नयेत. वह्या तपासणाऱ्या वरिष्ठांनाही हे समजावून द्यावे लागेल, आणि ते काम शिक्षकाला जड जाते.

ह्या वयाच्या मुलांना निवड करता येते काय, अशी शंका घेतली जाते. अ‍ॅन ब्राउन आणि जीन डे यांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, अमेरिकेतील पाचवीची मुलेसुद्धा अनावश्यक व पुनरुक्त मजकूर गाळू शकतात, असे आढळले. अनेक वस्तूंसाठी एक व्यापक नाव योजणे ह्यानंतर येते, आणि मजकुरात नसलेले मध्यवर्ती वाक्य स्वतः रचणे सर्वांत उशिरा. लहान मुलांची स्वाभाविक रीत थोडे गाळून उरलेले जसेच्या तसे उतरविण्याची असते. ते संशोधन वाचलेल्या मजकुराच्या सारांशाविषयी आहे. ऐकताना तर मजकूर हाताशीही राहत नाही. म्हणून पाचवीत पेन्सिल बाजूला ठेवून ऐकणे आणि वाक्य संपल्यावर त्यातील एक शब्द सांगणे एवढेच करावे. कोणाचा शब्द कोणता व का, ह्यावर वर्गात वाद होऊ द्यावा. सहावीत तक्ता येईल. जोडणारी अव्यये व चौकटी सातवीवर सोपविणे शहाणपणाचे. ‘ज्वारी, भुईमूग, मिरची’ ह्यांच्या जागी ‘कमी पावसाची पिके’ असे सातवीतील एखाद्या मुलाने आपण होऊन लिहिले, तर शिक्षकाने तो तास सार्थकी लागला असे समजावे.

डी व्हेस्टा आणि ग्रे यांनी १९७२ साली टिपणाची दोन कार्ये वेगळी करून दाखविली : लिहिण्याच्या क्रियेनेच विषय मनात ठसणे, आणि लिहिलेले पुढे पाहावयास उपलब्ध असणे. आपल्या शाळांत दुसऱ्याचीच काळजी वाहिली जाते, आणि तीही परीक्षेच्या आदल्या रात्रीपुरती. दोन्ही कार्ये एकदम पारखावयाची असतील तर आठ दिवसांनी वह्या उघडावयास सांगून, टिपणावरून पाठ तोंडी सांगावयास लावावा. मूल कोठे अडखळते ते पाहावे. तेथे बहुधा एखादा प्रत्यय किंवा ‘म्हणून’ गळालेला असतो. न अडखळता ते ‘हिरण्यकेशी अरबी समुद्राला मिळते’ असे म्हणाले, तर वही दुरुस्त करून देऊ नये. नकाशा पुढे ठेवून नदी बोटाने दाखवावयास सांगावी, आणि मग तेच वाक्य पुन्हा एकदा, शेवटच्या शब्दापर्यंत, पेन्सिल खाली ठेवून ऐकवावे.